लॅटिनो मुलांच्या शिष्यवृत्त्या: कर्ज खात्यातल्या बाईचे शेरे

लोक मिक्सरचे, हॉटेलांचे, विमान कंपन्यांचे रिव्ह्यू लिहितात. मी शिष्यवृत्त्यांचा लिहिते आहे, कारण गेली काही वर्षं मी त्यांचेच अर्ज भरायला बसते. पोराची चार वर्षं ज्याच्यावर अवलंबून असतात त्याला कुणी तारे देत नाही, हे मला काही पटत नाही.

ओळख थोडक्यात सांगते. माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या एका सहकारी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं कर्ज खात्यात. निवृत्तीनंतर मुलाकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले. ग्रीन कार्ड हातात आलं, नातवंडं शाळेला जायला लागली, दुपार सरता सरेना. मग शहराच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयात, कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करणाऱ्या टेबलावर, संध्याकाळी जाऊन बसू लागले. पूर्व भाग म्हणजे स्टोरी रोड, किंग रोड, अ‍ॅलम रॉक. इथं बेकरीला पानाडेरिया म्हणतात आणि शाळेतली पोरं दिसेल त्या बाईला ‘मिस’ म्हणतात. तेव्हा मीही मिस. येणारी बहुतेक मुलं मेक्सिकन घरांतली, काही साल्वाडोर-ग्वाटेमालाकडची. बाप बागकाम करतो, छपरं शाकारतो किंवा हॉटेलच्या भटारखान्यात असतो. आई लोकांची घरं साफ करते नाहीतर म्हातारी माणसं सांभाळते. घरातून कॉलेजला जाणारं हे पहिलंच पोर.

एका मुलीच्या आईनं एकदा गप्पांत माहेर मेक्सिकोतल्या टेक्सकोकोचं सांगितलं. मी म्हटलं, अहो, त्या गावाजवळ चापिंगोला मोठी शेतकी शाळा आहे ना? तिथं आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मक्यावर काम करायचे, शिकवायचे. तिथल्या नामांकित चित्रकारानं, दिएगो रिव्हेरानं, त्यांना भिंतीवर रंगवलंय. तिला खानखोजे माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावर गोड पाव यायला लागला.

आता माझे निकष. कर्जाची फाईल उघडली की नवा क्लार्क आधी रक्कम बघतो. जुना क्लार्क आधी कागद बघतो, मग पैसे कधी सुटणार ते, मग हप्त्यांचं कोष्टक, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. शिष्यवृत्तीलाही मी हेच लावते. कागद किती मागतात, पैसे हातात कधी पडतात, एकदाच देतात की चारही वर्षं, आणि हे आले म्हणून दुसरीकडचे कापले जातात का. या चौथ्या प्रश्नाकडे कुणाचंच लक्ष नसतं, त्यावर पुढं सविस्तर लिहिते.

सुरुवात थोरल्या नावापासून करते, हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड. अर्नेस्ट रोबलेस नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं स्वतःचं घर गहाण टाकून तीस हजार डॉलर उभे केले आणि १९७५ साली हा फंड सुरू केला. गहाणखतं बघण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल! लोक घर गहाण टाकतात ते मुलीच्या लग्नासाठी, ट्रॅक्टरसाठी, फार तर दुकानासाठी. परक्या पोरांच्या फीसाठी कुणी टाकल्याचं माझ्या टेबलावर तरी कधी आलं नाही. पन्नास वर्षांत त्याचा देशभरचा पसारा झाला, मोठमोठ्या कंपन्या पैसे घालायला लागल्या. बिल गेट्स यांच्या फाउंडेशननं १९९९ मध्ये गेट्स मिलेनियम स्कॉलर्स योजना आणली, तेव्हा लॅटिनो मुलांची बाजू सांभाळायला हाच फंड घेतला होता.

अर्जाची खिडकी जानेवारीच्या पहिल्या तारखेला उघडते आणि १५ फेब्रुवारीला बंद होते. हायस्कूलच्या मुलांना जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, किमान ३.० हवा. पूर्ण वेळ, चार वर्षांच्या कॉलेजला जायचा बेत हवा, आणि सरकारी मदतीचा फॉर्म भरलेला हवा. रक्कम पाचशे ते पाच हजार डॉलर. इथपर्यंत सगळं सरळ आहे. गोम पुढं आहे. निवड झाली की मूल ‘एचएसएफ स्कॉलर’ होतं, आणि स्कॉलर झालं म्हणजे पैसे मिळालेच असं नाही. पैसे उपलब्ध निधीप्रमाणे मिळतात. हे त्यांनी लपवलेलं नाही, नियमांत स्वच्छ लिहिलंय. पण अभिनंदनाचा ईमेल आला की घरात कुणी नियम वाचतं का? एका मुलीच्या घरी ईमेल आला त्याच रविवारी अंगणात मांस भाजलं, मावश्या-काका जमले, बापानं सगळ्यांना सांगितलं की फीचं मिटलं. माझ्याकडे ती आली तेव्हा ‘पैसे कुठल्या महिन्यात येतील, मिस?’ एवढंच विचारायला आली होती. तिला तो मजकूर दाखवताना मला बँकेतलं ‘तत्त्वतः मंजूर’ हे पत्र आठवलं. तत्त्वतः मंजूर कर्जावर लोक विहीर खणायला घेतात.

तरीही मी प्रत्येकाला हा अर्ज भरायला लावते. कारण पैशाच्या जोडीला जे देतात ते खरं आहे. मार्गदर्शक मिळतो, नोकरीसाठी कंपन्यांशी गाठ घालून देतात, आणि आईबापांसाठी इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही भाषांत कॉलेज कॅम्प घेतात. सहावीपासूनच्या मुलांना तिथं घेऊन जाता येतं. ज्या बापाला ‘मेजर’, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, हा लष्करातला हुद्दा वाटतो, त्याच्या भाषेत कुणी दोन तास बसून समजावतं ही लहान गोष्ट नाही. पाचपैकी साडेतीन तारे. ‘स्कॉलर’ आणि ‘पैसे मिळालेला स्कॉलर’ यांची पत्रं वेगळ्या रंगाची केली तर चार देईन.

दुसरं नाव मुलांच्या तोंडी फार, मॅकडॉनल्ड्सची हासेर शिष्यवृत्ती. एल पासोमध्ये मॅकडॉनल्ड्सची दुकानं चालवणाऱ्या रिचर्ड कॅस्ट्रो यांनी लॅटिनो मुलं शाळा सोडताना बघितली आणि १९८५ मध्ये ही सुरू केली. वरचा आकडा एक लाख डॉलरचा आहे, आणि हाच आकडा मुलांचा घात करतो. सगळ्या देशातून अर्ज जातात, निवड मूठभरांची होते. मुलं डिसेंबरची सुट्टी या एका निबंधावर घालवतात आणि शेजारच्या क्रेडिट युनियनच्या, म्हणजे इथल्या पतसंस्थेच्या, दीड हजाराकडे बघत नाहीत, जिथं कधीकधी अर्जदारच पुरेसे नसतात. वेळ उरला तर भरा असा माझा शेरा आहे, आधी मुळीच भरू नका.

हासेरच्या बाबतीत २०२५ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. आईवडिलांपैकी एक तरी लॅटिनो हवा ही अट भेदभावाची आहे, असं म्हणत एका संघटनेनं टेनेसीतल्या फेडरल कोर्टात दावा लावला. महिन्याभरात तडजोड झाली आणि अट बदलली. आता अर्जदारानं लॅटिनो समाजासाठी काय केलं, तिथं त्याच्या कामाचा काय परिणाम झाला, हे दाखवायचं. कुळाचा प्रश्न गेला. सुप्रीम कोर्टानं जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश बघायला मनाई केली, त्याची ही पुढची लाट. गेट्स शिष्यवृत्तीनंही २०२५ मध्ये वंशाची अट काढली. एसएटी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ‘नॅशनल हिस्पॅनिक रेकग्निशन’ ही १९८३ पासूनची मानाची यादीही गेली. तिच्यात रोख एक पैसा नव्हता. पण काही विद्यापीठं ते प्रशस्तिपत्र बघून स्वतःची घसघशीत सूट द्यायची, म्हणून तिचं मोल होतं. आता पहिल्या पिढीची मुलं, खेड्यातली मुलं, अशा याद्या राहिल्या आहेत.

मला यावर मत विचारतात, विशेषतः आपले मराठी लोक. ‘बरोबरच आहे ना, गरिबी बघावी, जात कशाला?’ माझे आजोबा कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वेगळी बोर्डिंगं काढायला लावली, तेव्हाही हाच सवाल झाला होता. ज्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही तिथल्या पोराला शहरात नुसती फी पुरत नाही, त्याला आपल्यातलं कुणीतरी दार उघडणारं लागतं, एवढं मी घरातच ऐकत मोठी झाले. त्यामुळे माझं मत कुठं झुकतं ते उघड आहे. पण मत बाजूला ठेवून टेबलावरचं सांगते. पूर्वी जिथं ‘लॅटिनो’च्या चौकटीतल्या एका खुणेनं काम होत होतं तिथं आता ‘समाजावरचा प्रभाव’ सांगणारा निबंध लागतो. ज्यांच्या घरी लिहिलेलं वाचून बघणारं कुणी आहे त्यांचा तो निबंध चांगला होतो. आणि नियम इतक्या झपाट्यानं बदलतात की मागच्या वर्षी थोरल्या बहिणीनं भरलेला अर्ज बघून धाकट्यानं भरू नये. मूळ पानच वाचावं.

निबंधांचं आलंच आहे तर सांगून टाकते. या सगळ्या शिष्यवृत्त्यांना दुःख हवं असतं. सरळ कुणी म्हणत नाही. प्रश्न असतो ‘तुम्ही कोणत्या अडचणीवर मात केली?’ मग पोरं घरातली सगळ्यात जड गोष्ट बाहेर काढतात. आजी कशी गेली आणि सीमेपलीकडे अंत्यविधीला कुणाला जाता आलं नाही, बापाला कसं पकडलं. सतरा वर्षांच्या पोरानं हे सहाशे शब्दांत बसवायचं, मग दुसऱ्या फॉर्मसाठी अडीचशेत. एक मुलगा असंच काही लिहून आला होता. वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, शनिवारी काय करतोस? म्हणाला, बाबांची वही सांभाळतो. बाप बागा राखतो. कुणाच्या अंगणात कधी गेलो, किती तास, कुणाचे पैसे आले, कुणाचे तीन महिने थकले, हे सगळं हा एका वहीत लिहितो आणि इंग्रजीतून बिलं पाठवतो. थकबाकीदाराला पहिलं पत्र मऊ, दुसरं कोरडं, तिसऱ्यात तारीख. मी म्हटलं, अरे, हा वसुली विभाग झाला! हेच लिही. त्यानं लिहिलं. वाचणाऱ्यांना आवडलं असावं, दोन ठिकाणांहून पैसे आले. मोठी रक्कम नव्हती, पण लॅपटॉप त्यातून आला.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला तिकडे येते. सगळ्यात जास्त पैसे देणारी शिष्यवृत्ती ही शिष्यवृत्ती म्हणून ओळखलीच जात नाही, कारण तिच्यावर कुणाचं नाव नाही, फोटो नाही, समारंभ नाही. ते आहेत सरकारी फॉर्म. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी फाफ्सा, म्हणजे फेडरल (केंद्र) सरकारच्या मदतीचा फॉर्म. कागदपत्रं नसलेल्या पण कॅलिफोर्नियात शिकून मोठ्या झालेल्या मुलांसाठी कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म. २००१ च्या एबी ५४० कायद्यानं अशा मुलांना स्थानिकांच्या दरात फी भरता येऊ लागली, आणि २०११ मध्ये दोन कायदे होऊन त्यांना राज्याच्या मदतीचं दार उघडलं. इथल्या हायस्कुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून यांपैकी एक फॉर्म भरून घ्यायचा किंवा नको असल्याचं लिहून घ्यायचं, असा नियमही आता आहे.

हिशेब बघा. फेडरल पेल ग्रँट गरीब घरच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर देते. परत करायचे नाहीत. कॅल स्टेट विद्यापीठांची, म्हणजे सॅन होजे स्टेट धरून सगळ्यांची, २०२५-२६ ची मूळ ट्यूशन ६,४५० डॉलर आहे. कॅल ग्रँट हे राज्याचं अनुदान, त्यातली ‘ए’ बसली तर ती ट्यूशन राज्य भरतं. ‘बी’ बसली तर पहिल्या वर्षी बहुधा फक्त खर्चाला थोडी रक्कम आणि ट्यूशन दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी विद्यापीठाचं स्वतःचं अनुदान बहुतेकदा ती फट भरून काढतं. म्हणजे घरी राहून, बसनं जाऊन शिकणाऱ्या मुलाची फी एका संध्याकाळच्या फॉर्मवर सुटते, आणि दर वर्षी नव्यानं भरला तर चारही वर्षं सुटते. हासेरच्या निबंधाला लागलेल्या तासांशी याची तुलना तुम्हीच करा.

यातली एक बारीक गोष्ट. कॅल ग्रँटला फॉर्मखेरीज शाळेकडून जीपीएची खात्री राज्याकडे जावी लागते. शाळा बहुधा आपणहून पाठवते, पण गेली की नाही हे मुलानं स्वतःच्या खात्यात जाऊन बघायचं असतं. तारीख एरवी २ मार्च. ही तारीख मी टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवली आहे. आमच्या बँकेत ३१ मार्च असायचा तसा इथं माझा २ मार्च.

फाफ्साला मात्र पूर्ण तारे देता येत नाहीत. एरवी तो ऑक्टोबरला उघडतो. २०२३ मध्ये सोपा करतो म्हणून नवा बनवला आणि तो उघडायलाच डिसेंबर संपत आला. त्यात ज्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांना फॉर्म पुढं सरकवताच येईना, कित्येक आठवडे. पोर अमेरिकेत जन्मलेलं, पूर्ण हक्काचं; पण आईची सही अडकली. त्या वसंतात सगळ्या देशात हा गोंधळ चालला होता. कॅलिफोर्नियानं तारीख पुढं ढकलली आणि अशा घरांतल्या नागरिक मुलांना ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म भरायची मुभा दिली. महाडीबीटीचं पोर्टल आणि त्यावर चक्कर खाणारी गोल खूण ज्यांनी भोगली आहे त्यांना मी जास्त काय सांगू.

आणि मग भीती. फाफ्सात आईवडिलांची माहिती फेडरल सरकारकडे जाते. ड्रीम अ‍ॅक्टच्या फॉर्ममधली राज्याच्या आयोगाकडे राहते, पण त्यातून पेल मिळत नाही. २०२५ पासून माझ्या टेबलासमोर आईबाप बसतात आणि पोरगी मधे दुभाष्या होऊन विचारते, ‘मिस, भरू की नको?’ एका बाजूला वर्षाला सात हजार, दुसऱ्या बाजूला बापाचा पत्ता. याचं उत्तर मी देत नाही. दोन्ही फॉर्ममधून काय मिळतं याचे आकडे शेजारी शेजारी लिहून देते आणि इमिग्रेशनच्या फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांची यादी हातात ठेवते. टेक्ससमध्ये तर २००१ पासून चालत आलेली स्थानिक दराची सवलतच जून २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनं गेली, तीही याच मुलांसाठी देशात सगळ्यात आधी देणाऱ्या राज्यात. माझ्या एका विद्यार्थिनीची मावसबहीण तिथं शिकते. तिची फी एका उन्हाळ्यात कितीतरी पट झाली.

कागद नसलेल्या मुलांसाठी आणखी एक नाव लिहून ठेवा, द ड्रीम डॉट यूएस. वॉशिंग्टन पोस्टचे माजी प्रकाशक डोनाल्ड ग्रॅहॅम हे तिच्या संस्थापकांपैकी. पदवीसाठी ३३,००० डॉलरपर्यंत देते, आणि ठरलेल्या भागीदार कॉलेजांतच वापरता येते. इथं कूळ विचारत नाहीत, मूल कोणत्या देशातलं तेही बघत नाहीत. मला ही आवडते, कारण रक्कम चार वर्षांवर वाटलेली आहे आणि निवड झाली म्हणजे खरोखर पैसे मिळतात. मालडेफ या १९६८ च्या हक्क संघटनेची शिष्यवृत्त्यांची यादीही उपयोगी, कारण कुठं इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत ते त्यात कळतं.

लुलाकबद्दल दोनच वाक्यं. १९२९ साली टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेली ही लॅटिनोंची जुनी संघटना, तिची शिष्यवृत्ती स्थानिक शाखा गोळा करते तेवढ्यात वरून भर घालून चालते. तुमच्या भागातली शाखा सहभागी असेल तर जरूर भरा, नसेल तर तिच्यामागे वेळ घालवू नका.

आता चौथा प्रश्न, कापाकापीचा. माझ्याकडची एक फार हुशार मुलगी दुसऱ्या राज्यातल्या खाजगी कॉलेजात गेली. कॉलेजनं स्वतः मोठं अनुदान दिलं होतं. वर्षभर खपून तिनं बाहेरून पाच हजार मिळवले आणि प्रामाणिकपणे कॉलेजला कळवले. कॉलेजनं आपलं अनुदान पाच हजारांनी कमी केलं. तिच्या खिशात पडला शून्य. कर्ज होतं तेवढंच राहिलं. देणाऱ्यानं मुलीला म्हणून दिलेले पैसे कॉलेजच्या गल्ल्यात गेले. बँकेत भरणा आला की तो कोणत्या खात्याला आधी वळता करायचा याचा क्रम ठरलेला असतो, व्याज आधी की मुद्दल आधी. खातेदाराला विचारायचा हक्क असतो. इथं त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं की विचारायचं असतं.

मेरीलँडनं २०१७ मध्ये अशा कपातीला आळा घालणारा कायदा आधी केला. कॅलिफोर्नियात पेल आणि ड्रीम अ‍ॅक्टला पात्र मुलांसाठी तो २०२३-२४ पासून लागू आहे. पण मूल राज्याबाहेर गेलं की हे संरक्षण सोबत जात नाही. म्हणून आता मी प्रवेश पक्का करण्याआधीच एक ईमेल लिहून घेते: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी कर्ज आणि मदतीपोटी कॉलेजात करायच्या कामाचे तास कमी कराल की अनुदान? उत्तर लेखी मागवायचं. फोनवर गोड बोलतात.

पैसे कधी येतात हेही याच्या जोडीला बघा. बाहेरच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या कॉलेजात नाव लागल्याचा पुरावा दिल्यावर चेक काढतात. जागा पक्की करायचे पैसे मेच्या पहिल्या तारखेच्या आसपास भरायचे असतात आणि वसतिगृहाची अनामत त्यानंतर लगेच. तोपर्यंत ही रक्कम कागदावरच असते. गरीब घरांसाठी डिपॉझिट माफ करायची सोय पुष्कळ कॉलेजांत आहे, फक्त मागावी लागते. आणखी एक: फी आणि पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, खोलीभाडं आणि जेवणावर खर्च झालेला भाग मात्र करपात्र उत्पन्नात धरतात. एवढं सांगितल्यावर मुलं माझ्याकडे अशी बघतात की जणू कर मीच लावला.

लहान शिष्यवृत्त्यांना मी मनापासून पाच तारे देते. रोटरी, क्रेडिट युनियन, चर्चच्या बायकांचं मंडळ, एखाद्या मेलेल्या शिक्षकाच्या नावानं घरच्यांनी ठेवलेले हजार डॉलर. यांची जाहिरात कुठं मोठी नसते, शाळेच्या समुपदेशकाच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो. अर्ज दोन पानांचा. निवडणारी माणसं त्याच गावातली, त्यांना टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, संध्याकाळी उभं राहणारं पोर तोंडओळखीनं माहीत असतं. देताना पिझ्झा खाऊ घालतात आणि आईवडिलांनाही बोलावतात.

एक तारा सुद्धा द्यायचा नाही अशी दुकानंही आहेत. ‘तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती निश्चित, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ म्हणून स्पॅनिशमध्ये फोन येतात. खरी शिष्यवृत्ती अर्जाला पैसे मागत नाही. फाफ्सा फुकट आहे, ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म फुकट आहे. बँक खात्याचा नंबर आधी मागितला तर फोन ठेवा. एका बापानं फॉर्म ‘भरून देणाऱ्याला’ चारशे डॉलर दिले होते, आणि त्यानं फॉर्ममध्ये घरातली माणसंच कमी दाखवली होती. माणसं कमी म्हणजे गरज कमी, मदत कमी. ते दुरुस्त करायला चारशेपेक्षा जास्त मनस्ताप झाला.

शेवटी, आपल्या लोकांकडून हमखास येणारा प्रश्न: ‘आपल्या मुलांना यातलं काही मिळतं का?’ मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं असेल तर फाफ्सा जरूर भरा, उत्पन्न जास्त असलं तरी काही कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठीही तो मागतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरीवाल्याचं मूल म्हणून व्हिसावर, असेल तर फेडरल मदत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसा सुटतो तेव्हा काय होतं ते त्या घरांना मी सांगायची गरज नाही. गोव्याचे फर्नांडिस-डिसूझा आडनावावरून लॅटिनो ठरत नाहीत, हेही मला एकदा समजावून सांगावं लागलंय. हासेरची नवी अट कागदावर सगळ्यांना खुली आहे, म्हणून मुलाला दोन शनिवार स्पॅनिश चर्चमध्ये भाजी वाटायला पाठवून फोटो काढू नका. मी त्या अर्जावर शिफारसपत्र देणार नाही, एकीला नाही म्हटलंय. आशियाई मुलांसाठी एपीआयए स्कॉलर्स ही २००३ पासूनची संस्था आहे, मॅकडॉनल्ड्सचीही तिच्यामार्फत वेगळी योजना चालते. तिकडे बघा, तिथल्या ताज्या अटी मूळ पानावर वाचा आणि त्याआधी ऑक्टोबरमध्ये फाफ्सा भरून टाका.